पात्याला पाणी देणारी गॅसभट्टी: कोळशापासून थर्मोकपलपर्यंतची पार्श्वभूमी

नागपूरला कोळशाची ददात नाही. वेस्टर्न कोलफील्ड्सचे मुख्यालय याच शहरात आहे, कामठी आणि उमरेडच्या खाणी जवळच आहेत. तरीही सुऱ्या-कोयते घडवणारी नवी मंडळी गॅसभट्टी बांधू लागली आहेत, आणि त्याचे कारण इंधनाच्या भावात नाही, पात्याच्या लांबीत आहे. कोळशाच्या भट्टीत खरी धग वीतभर जागेतही पसरत नाही. आठ-दहा इंचांचे पाते टोकापासून मुठीपर्यंत एकाच तापमानाला आणायचे तर ते सारखे मागे-पुढे सरकवावे लागते. घडाईला हे चालते, उलट सोयीचेच पडते, कारण ठोकायचा तेवढाच भाग लाल होतो. हार्डनिंगला, म्हणजे पाते तापवून झटकन थंड करत कडक करण्याला (पाणी देण्याला), मात्र पाते सगळीकडे सारखे तापलेले हवे. गॅसभट्टीचा सगळा इतिहास या एका गरजेभोवती फिरतो.

लोहाराचे पाणी

विदर्भातले लोखंडकाम जुने आहे. टाकळघाट-खापा, माहुरझरी इथल्या शिळावर्तुळांखालच्या दफनांत लोखंडी कुऱ्हाडी, कट्यारी, छिन्न्या मिळाल्या. पेंच नदीकाठच्या नैकुंडला डॉ. शां. भा. देव आणि डॉ. अ. प्र. जामखेडकर यांनी १९७८ ते १९८० दरम्यान केलेल्या उत्खननात लोखंड गाळण्याची मातीची भट्टीच सापडली. सोबत हवा फुंकायच्या मातीच्या नळ्या होत्या आणि लोखंड गाळल्यावर उरणारी मळीही होती. काळ इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातला.

पुढे गावोगावच्या लोहारांनी वखराची पास, विळा, कुऱ्हाड पाजवण्याची जी रीत टिकवली, ती आजही समजून घेण्यासारखी आहे. पात्याची फक्त धार, इंचभर रुंदीची, लाल करायची. धारेचीच बाजू पाण्यात बुडवायची. बाहेर काढून विटेवर घासली की कडक झालेली धार चकाकते. मग पाठीत उरलेली उष्णता हळूहळू धारेकडे सरकते आणि घासलेल्या पट्टीवर रंग धावू लागतात: २०० अंशांच्या थोडे वर फिकट पिवळा, मग तपकिरी, २८०च्या आसपास जांभळा, ३००ला निळा. हवा तो रंग धारेवर पोहोचला की पुन्हा पाणी. हार्डनिंग आणि टेंपरिंग (कडक पाते पुन्हा थोडे तापवून त्याचा ठिसूळपणा घालवणे) एकाच तापवणीत उरकते आणि पाठ मऊ राहिल्याने विळा मोडत नाही. साध्या कार्बन पोलादासाठी आणि शेतीच्या अवजारासाठी यात काही उणे नाही.

अडचण आली ती माल बदलल्यावर. नागपुरात उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे दोन्ही महामार्ग मिळतात. ट्रकच्या कमानीचे जुने पाटे इथे कबाड्याकडे मुबलक मिळतात, आणि आजचे बहुतेक कोयते त्याच पाट्यांचे असतात. पाट्याचे पोलाद बहुधा ईएन ४५ या प्रतीचे किंवा त्याच्या जवळचे असते. त्यात अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त कार्बन, पावणेदोन टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन आणि पाऊण ते एक टक्का मँगनीज असते. हे पोलाद तेलातच पुरेसे कडक होते. पाण्यात घातले तर थंड होण्याचा वेग गरजेपेक्षा फार वाढतो आणि धारेला आडवी चीर जाते. कित्येकदा ती डोळ्यांना दिसत नाही, आठवडाभराने पहिल्या आघाताला पाते तुटते. बेअरिंगच्या रिंगा, म्हणजे ईएन ३१, पाण्यात याहून लवकर फुटतात.

रंग, चुंबक आणि तार

पोलाद कडक होण्यासाठी नेमके किती तापले पाहिजे याचा शास्त्रीय उलगडा १८६८ साली झाला. सेंट पीटर्सबर्गच्या ओबुखोव कारखान्यात तोफांच्या नळ्यांचा अभ्यास करताना दिमित्री चेर्नोव यांनी दाखवले की ठराविक तापमानाच्या वर तापवले नसेल तर पोलाद कितीही वेगाने थंड केले तरी ते कडक होत नाही. आज ते तापमान ७२७ अंश सेल्सिअस म्हणून शिकवले जाते. लोखंडाचे चुंबकत्व ७७० अंशांना जाते; कार्बन जास्त असलेल्या पोलादात ते पोलादाच्या अंतर्गत रचनेतल्या बदलासोबत, म्हणजे ७७०च्याही थोडे आधी जाते. म्हणून ‘चुंबक सुटला की तेलात’ हा सल्ला सर्रास दिला जातो.

तो सल्ला अपुरा आहे. चुंबक सुटणे ही सुरुवात झाली. ईएन ४२ला (कमानीचे साधे कार्बन पोलाद) ८०० ते ८२०, ओएचएनएसला (तेलात कडक होणारे, फारसे न आकसणारे पोलाद) ७९० ते ८१५, ईएन ३१ला ८२० ते ८५० आणि ईएन ४५ला ८७०च्या आसपास जावे लागते. चुंबक सुटल्यावर आपण २० अंश वर आहोत की १५०, हे चुंबक सांगत नाही. कमी पडले तर धार मऊ राहते. जास्त झाले तर पोलादाचा आतला स्फटिककण मोठा होतो आणि तुटलेल्या तोंडावर साखरेसारखी भरड चमक दिसते. डोळ्याने रंग ओळखणे सावलीत जमते. मे महिन्याच्या नागपुरी उन्हात ८५० अंशांचे पाते साधे तांबूस वाटते आणि माणूस नकळत आणखी शंभर अंश चढवतो.

भट्टीतल्या मोजणीला भरवशाचे साधन मिळाले ते फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ल शातेलिए यांच्या १८८०च्या दशकातल्या प्लॅटिनम थर्मोकपलने (दोन वेगळ्या धातूंच्या तारांच्या जोडाने तापमान मोजणारे साधन), पण ते महाग होते. अल्बर्ट मार्श यांनी १९०६ साली निकेल-क्रोमियम मिश्रधातूचे पेटंट घेतले आणि त्या घराण्यातून पुढे के-टाइप थर्मोकपल आले. आज के-टाइपची तार आणि आकडा दाखवणारा साधा मीटर वर्कशॉपच्या आवाक्यात आहे. घरगुती भट्टीत कुठे काटकसर करायची ती करा, या एका वस्तूत करू नका.

गॅस आणि लोकर

गॅसने स्वतःच हवा ओढून घ्यायची ही युक्ती १८५५च्या बुन्सेन बर्नरपासूनची. बारीक छिद्रातून वेगाने सुटणारा गॅस आजूबाजूची हवा नळीत खेचतो. प्रोपेनच्या एका घनफळाला हवेची सुमारे २४ आणि ब्यूटेनला ३१ घनफळे लागतात. आपल्याकडे एलपीजी १९५५ साली बर्मा शेलने मुंबईत आणला आणि १९६५ला इंडेन सुरू झाली, पण तो स्वयंपाकघराचा गॅस होता. घरचा रेग्युलेटर फक्त ३० मिलिबार दाब देतो. तेवढ्यावर भट्टीचा बर्नर पुरेशी हवा ओढत नाही, ज्योत पिवळी होऊन काजळी धरते. भट्टीला ० ते २ बारचा, कमी-जास्त करता येणारा रेग्युलेटर लागतो.

दुसरा अडसर होता विटांचा. भरीव अग्निविटांची भट्टी तापायलाच बराच वेळ आणि गॅस खाते. सिरॅमिक फायबरच्या ब्लँकेटने, म्हणजे उष्णता रोखणाऱ्या लोकरीसारख्या गादीने, हे बदलले. १९७३च्या तेलसंकटानंतर कारखान्यांच्या भट्ट्यांत ते झपाट्याने पसरले आणि मग छोट्या कारागिरांपर्यंत आले. योगायोगाने १९७३लाच अमेरिकेत पातेकार बिल मोरान यांनी आपल्या दमास्कस (पोलादाचे थर जोडून नक्षी उमटवलेल्या) सुऱ्या लोकांपुढे मांडल्या. १९७६ला अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी स्थापन झाली आणि घरी पाती घडवणाऱ्यांची एक पिढी उभी राहिली. या पिढीच्या गरजेतून आडव्या नळकांड्याची छोटी गॅसभट्टी रुळली. आज व्हिडिओंत दिसते ती हीच.

ही भट्टी घडाईची आहे, हे मात्र सांगायचे राहून जाते. तिचे पोट लहान, बर्नर जोरदार, आणि ज्योत थेट पात्यावर येते. आतले तापमान ११००-१२०० अंशांकडे धावते, आणि ज्योतीखालचा भाग व तोंडाजवळचा भाग यांत शंभरेक अंशांचा फरक सहज पडतो. पात्याचे टोक पातळ असल्याने ते सर्वांत आधी करपते. अशाच भट्टीत हार्डनिंग करायचेच असेल तर जाड भिंतीचा स्टेनलेस पाइप, मागचे तोंड बंद करून, आत ठेवावा आणि पाते त्या पाइपात तापवावे. ज्योत पाइपाला लागते, पात्याला नाही. पपडीही कमी धरते.

ड्रमची भट्टी

यावरचा खरा तोडगा पातेकार डॉन फॉग यांच्या ड्रमच्या भट्टीने दाखवला: पोट मोठे, आग छोटी. मोठ्या पोकळीत ज्योत विरून जाते आणि सगळ्या भिंती एकाच तापमानाने पात्याकडे उष्णता फेकतात. नागपुरात बांधायला हीच भट्टी सगळ्यांत सोपी आहे, कारण २०० लिटरचा ड्रम कुठेही मिळतो. ज्यात कधी पेट्रोल, थिनर किंवा केमिकल भरले होते तो ड्रम घेऊ नये. उरलेल्या वाफेला ग्राइंडरची एक ठिणगी पुरते. जुने गॅस सिलिंडर कापणे तर पूर्ण वर्ज्य. स्फोटाचा धोका आहेच, शिवाय ते सिलिंडर तेल कंपनीच्या मालकीचे असते.

२५ मिमी जाडीचे, १२६० अंशांच्या प्रतीचे, घनमीटरला १२८ किलो घनतेचे ब्लँकेट दोन थरांत लावायचे. ड्रमच्या भिंतीला आणि दोन्ही तोंडांना मिळून सुमारे चार चौरस मीटर लागते. ७.३ मीटर लांब आणि ६१ सेंमी रुंद असा एक रोल पुरतो, थोडा उरतोही. खालच्या थराचा सांधा वरच्या थराच्या सांध्याखाली येऊ देऊ नये, नाहीतर त्या रेषेत पत्रा लाल होतो. थर स्टेनलेस तार आणि वॉशरने पत्र्याला बांधावेत. मग तंतू घट्ट धरून ठेवणारी कोलॉइडल सिलिका फवारून वाळवावी आणि तळाशी व बर्नरच्या तोंडाभोवती उष्णता सोसणाऱ्या हाय-अल्युमिनाचा तीन-चार मिमीचा लेप द्यावा. पहिली आग मंद हवी. ओल राहिली तर लेप फुटून उडतो.

उघडे ब्लँकेट ठेवणे ही सर्वांत महाग पडणारी आळशी सवय आहे. हा तंतू आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या, कर्करोगाला कारण ठरू शकतो अशा २बी वर्गात मोडतो, आणि दीर्घकाळ १००० अंशांच्या वर तापल्यावर त्यात क्रिस्टोबलाइट तयार होते, जे स्फटिकी सिलिकाच असते आणि फुप्फुसाला वाईट. कापताना चांगला मास्क आणि पूर्ण बाह्या हव्यात. जुनी भट्टी उकलताना ब्लँकेट आधी ओले करावे.

बर्नर तळापासून १०-१२ सेंमी वर, भिंतीला घसटून जाईल असा तिरका बसवावा, म्हणजे ज्योत गोल फिरते. इथे ब्लोअरचा (पंख्याने हवा ढकलणारा) बर्नर घ्यावा, कारण हवा ओढणारा बर्नर फार मंद करता येत नाही. दाब ०.१ बारच्या आसपास उतरला की ज्योत फटफट करत नळीत शिरते. शिवाय उन्हाळ्यातल्या गरम वाऱ्यात तो चाळवतो. ब्लोअरच्या हवेवर गेट व्हॉल्व्ह आणि गॅसवर नीडल व्हॉल्व्ह. नळी काळी, जस्त नसलेली. ब्लोअरचा धोका एकच, पण मोठा: लाइट गेली की हवा थांबते आणि गॅस चालू राहतो. म्हणून गॅसच्या नळीवर, वीज नसताना बंद राहणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह ब्लोअरच्याच वायरवर जोडणे सक्तीचे समजावे. तो बंद झाल्यावर लाइट आली की गॅस आपोआप सुरू होऊ नये, यासाठी हाताने दाबायचे स्टार्टर बटण हवे.

झाकणाला २५ बाय १०० मिमीची खाच आणि धूर जायला ६०-७० मिमीचे भोक, त्यावर सरकती वीट. पाते स्टेनलेस तारेने मुठीच्या भोकातून उभे टांगायचे. आडवे टेकवले तर लाल पाते स्वतःच्या वजनाने वाकते. थर्मोकपल सहा मिमीचे, इन्कोनेलच्या (उष्णता सोसणारा निकेल मिश्रधातू) आवरणाचे, पात्याच्या मध्याच्या उंचीवर, त्यापासून पाचेक सेंमी दूर. दुसरे खाली ठेवून फरक पाहावा. १५ अंशांहून जास्त असेल तर आग मोठी आहे किंवा धुराचे भोक मोठे आहे. भट्टी स्थिर व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो. पाते भट्टीच्या तापमानाला आल्यावर ईएन ४२ला पाचेक मिनिटे, ओएचएनएस आणि ईएन ३१ला १० ते २० मिनिटे द्यावीत.

गॅसचे प्रमाण किंचित जास्त ठेवावे, म्हणजे पात्याचा कार्बन जळत नाही. मात्र त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड निघतो, तेव्हा भट्टी उघड्यावरच हवी. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो आणि गळला की नालीत, तळघरात साचतो. सिलिंडर १९ किलोचे व्यावसायिकच घ्यावे, नेहमी उभे ठेवावे. घरगुती सिलिंडर अशा कामाला वापरणे २०००च्या एलपीजी आदेशाने बंद आहे. सिलिंडरच्या सुरक्षेचे नियम पाहणाऱ्या ‘पेसो’चे मुख्यालय नागपुरातच आहे, तेव्हा शंका असेल तर विचारायला दूर जावे लागत नाही.

तेल दहा लिटर, पाते उभे बुडेल अशा लोखंडी उभट भांड्यात, भट्टीपासून दोन पावले लांब, झाकण हाताशी. सोयाबीनचे किंवा शेंगदाण्याचे तेल ५०-६० अंशांवर चांगले काम करते. थंड तेल घट्ट असते आणि पात्याभोवतीची वाफ लवकर हटू देत नाही, म्हणून डिसेंबरात लोखंडाची लाल कांब बुडवून ते आधी तापवावे लागते. मे महिन्यात ते मुळातच ४०च्या पुढे असते. पाते सरळ खाली न्यायचे आणि धारेच्या दिशेनेच हलवायचे. आडवे हलवले की वाकते.

नंतर कानस फिरवून पाहावी, ती घसरली पाहिजे. चावली तर लगेच पुन्हा तापवू नये. वरचा कार्बन गेलेला थर एक-दोन दशांश मिमी घासून परत तपासावे, बहुधा खाली कडक पोलाद सापडते. टेंपरिंग त्याच दिवशी करावे: ईएन ३१ आणि ओएचएनएसच्या सुऱ्यांना १९० ते २१० अंशांवर दोन तास, दोनदा, पाट्याच्या कोयत्याला आणखी वर. घरच्या ओटीजीची चकती २०-३० अंश सहज चुकते, म्हणून तेच थर्मोकपल आत वाळूच्या ताटलीत खुपसून आकडा पाहावा. डी २ (जास्त क्रोमियमचे टूल स्टील) आणि स्टेनलेस पोलादांना ही भट्टी पुरत नाही. त्यांना १००० अंशांच्या वर, हवेपासून झाकून, बराच वेळ धरावे लागते. ते काम वीजभट्टी असलेल्या हीट ट्रीटमेंटच्या जॉबवर्कवाल्याकडे द्यावे आणि देताना पोलादाचा ग्रेड लिहून द्यावा.