‘मशीन निघालं’ म्हणजे नेमकं काय निघालं?

इंदुरात मुलाच्या हृदयाचं ऑपरेशन झालं की आयसीयूबाहेर बसलेल्या मराठी घराला बातमी बहुधा हिंदीत मिळते : ‘मशीन हट गई’. फोनवरून ती आजीपर्यंत पोचते तेव्हा ‘आता आपला आपण श्वास घेतोय’ अशी झालेली असते. निघालेली असते फक्त श्वासनलिकेतली नळी. नाकात हाय फ्लो, म्हणजे बारीक नळ्यांतून जोरानं येणारी उबदार ओली हवा, असतो आणि ६ किलोच्या बाळाला मिनिटाला १२ लिटर हवा चालू असते.

नळी कधी काढायची, हा वाद जुना आहे. १९८०च्या दशकात रात्रभर व्हेंटिलेटर (श्वास देणारं मशीन) आणि फेंटानिल या वेदनाशामकाची गाढ गुंगी हा शिरस्ता होता. त्याला कारणही होतं. मोठं व्हीएसडी, म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातलं छिद्र, उशिरा बंद केलं की फुप्फुसातला रक्तदाब अचानक चढू शकतो, नळीतला कफ नुसता ओढून काढला (सक्शन) तरी. ही भीती आजही खोटी नाही, कारण आपल्याकडे मुलं उशिरा येतात.

मत फिरलं ते हृदयाचा एकच कप्पा नीट चालणाऱ्या मुलांच्या ग्लेन आणि फाँटान ऑपरेशनांमुळे. त्यांत शिरांमधलं रक्त पंपाशिवाय फुप्फुसात जातं. व्हेंटिलेटर हवा दाबून भरतो तेव्हा रक्ताची वाट अडते, मूल स्वतः श्वास ओढतं तेव्हा रक्तही ओढलं जातं. मग काही ठिकाणी ऑपरेशन टेबलावरच नळी काढू लागले. पुढे तो मिरवायचा आकडा झाला, हे मात्र बरं झालं नाही. हृदयाचा डावा कप्पा अशक्त असेल तर दाबाची हवा त्याचा भार हलका करत असते. ती काढली की तोच कप्पा दमतो.

नळी परत घालावी लागली तर ‘फसलं’ म्हणायचं, पण किती तासांत? कुणी २४ धरतं, कुणी ४८, कुणी ७२. हाय फ्लो आल्यापासून दमलेलं मूल दोन दिवस रेटता येतं, म्हणून २४ तासांचा हिशेब फसवा झालाय.

सीपॅप, म्हणजे सतत थोड्या दाबानं हवा देणं, नवजात बाळांसाठी १९७१ पासून आहे. उच्छ्वासाच्या नळीचं टोक पाण्यात ५ सेंटिमीटर बुडवलं की तेवढाच दाब मिळतो. हाय फ्लोत दाब मोजलाच जात नाही, तोंड उघडलं की तो पडतो. लहान बाळाला हाय फ्लो किलोमागे मिनिटाला २ लिटर, हवा ३७ अंशांना आणि ओली. नाकातल्या नळ्यांनी नाकपुडी निम्म्याहून जास्त भरू नये. एसीत पाइपमध्ये पाणी साचतं, ते नाकाकडे न लोटता खाली उतरवावं. हवा ओली करणाऱ्या चेंबरमधलं निर्जंतुक पाणी संपलं तर कोरड्या झोतानं कफ सुकतो आणि फुप्फुसाचा एखादा भाग बसू शकतो.

नळी दोनदा काढून दोनदा घालावी लागली तर श्वासपटलाकडे, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या श्वासाच्या स्नायूच्या पडद्याकडे बघावं. ऑपरेशनात त्याला चालवणारी फ्रेनिक नस दुखावलेली असू शकते. व्हेंटिलेटरचा दाब लुळा पडदा खाली ढकलून धरतो, त्यामुळे एक्स-रे चांगला दिसतो. सोनोग्राफी करताना काही क्षण दाब थांबवून मुलाला स्वतःचा श्वास घेऊ द्यावा लागतो, नाहीतर पडदा हलतोय असंच वाटतं.