नॅरो गेजच्या डब्यात जेवायला येताना

नमस्कार!

आमच्याकडे येणारी बहुतेक मंडळी सहकुटुंब येतात. काठी टेकत येणारे आजोबा, कडेवरचं बाळ, परीक्षा संपलेली मुलं, सगळे एकाच टेबलाशी. कोणाला काय झेपतं हे आम्हाला आधी कळलं, तर कोणाचंच ताट अर्धवट राहत नाही. एवढ्यासाठीच हे पत्रक.

डबा आणि गाडी

दालनाची सजावट आपल्या विदर्भातल्या छोट्या गाडीची आहे. नागपूरच्या इतवारी स्थानकाहून उमरेड, भिवापूरमार्गे नागभीडला जाणारी नॅरो गेज 2019 मध्ये बंद झाली, छिंदवाड्याची त्याआधीच, 2015 मध्ये. त्या रुळांमधलं अंतर 762 मिलिमीटर. ब्रॉड गेजचं 1676, म्हणजे निम्म्याहूनही कमी. घरातल्या ज्येष्ठांनी तिच्यातून प्रवास केला असेल, तर त्यांना खिडकीजवळ बसवा आणि मुलांना त्यांच्याशेजारी. आम्हाला हे दालन उभारावंसं वाटलं ते अशाच गप्पांसाठी. खरी इंजिनं आणि डबे बघायचे असतील तर नागपूरच्या मोतीबागेत नॅरो गेज रेल्वे संग्रहालय आहे, 2002 पासून. आधी ते बघून मग इकडे आलात, तर मुलं इथल्या प्रत्येक वस्तूवर प्रश्न विचारतात.

टेबलांच्या कडेनं फिरणारी छोटी गाडी पोळ्या, पापड, कोशिंबीर आणि ताकाचे झाकणबंद पेले आणते. गरम रस्सा, वरण किंवा चहा तिच्यावर कधीच ठेवत नाही. ते वाढपीच आणतात आणि मुलांपासून लांबच्या बाजूनं ठेवतात. गाडी पूर्ण थांबून हिरवा दिवा लागला की मगच पदार्थ उचलू द्या. शिट्टीनं बाळ दचकत असेल तर सांगा, तुमच्या टेबलापुरती ती बंद करता येते. वरचा बर्थ मात्र फक्त शोभेचा आहे, त्यावर कोणालाही चढू देऊ नका. गुडघे दुखणाऱ्यांसाठी दाराजवळ साध्या खुर्च्यांची टेबलं आहेत, ती फोन करून राखून ठेवा.

तिखटाचं

सगळ्यात जास्त विचारणा होते ती याचीच. सावजी रस्सा ही नागपूरच्या हलबा कोष्टी घरांची देणगी, आणि तो आम्ही बेताचा करून देत नाही. कारण साधं आहे: तिखट मसाल्यासोबतच भाजून वाटलेलं असतं. मागाहून पाणी वाढवलं की चव पातळ होते, जळजळ मात्र तशीच राहते. पाटवडीच्या रश्श्याचं तसं नाही. त्याची तर्री, म्हणजे वर तरंगणारं तिखट तेल, वेगळ्या वाटीत देता येते, ज्याला हवी त्यानं वरून घ्यावी.

मुलांसाठी आमचा सल्ला गोळाभाताचा. हरभऱ्याच्या डाळीचा भरडा भिजवून त्याचे गोळे भातासोबतच वाफवतो. फोडणीचं तेल आणि लाल मिरची वेगळी येते. गोळा कुस्करून वर साधं तेल किंवा तूप घातलं, की तीन-चार वर्षांचं मूलही आवडीनं खातं. शिवाय आमटी, बिनमिरचीचं पिठलं आणि पोळी असतेच. चुकून तिखट लागलंच तर पाण्याचा उपयोग होत नाही, कारण मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही. दही किंवा ताक मागा, ते लगेच देतो आणि त्याचे पैसे घेत नाही.

ॲलर्जी असेल तर

शेंगदाणे, तीळ, जवस, खसखस, काजू हे आपल्या वाटणांत सर्रास असतात. एखादा पदार्थ त्याशिवाय करून देऊ, पण मिक्सर आणि पाटा तोच असतो. त्यामुळे ॲलर्जी तीव्र असेल तर आमच्या वाटणाचं काहीच घेऊ नका. वरणभात आणि तूप वेगळ्या भांड्यात करून देतो. हे ऑर्डर देताना नव्हे, बसताक्षणी सांगा. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे देऊ नका, घशात अडकतात. चिवड्याची वाटी म्हणूनच आम्ही न विचारता ठेवत नाही.

बिल

बिलावर 5 टक्के जीएसटी लागतो. सेवा शुल्क आम्ही घेत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2022 च्या सूचनांनुसार ते बिलात आपोआप जोडताही येत नाही.

वाढदिवस

केक बाहेरून आणला तरी चालतो, फक्त त्यात अंडं आहे की नाही हे सांगा, म्हणजे शाकाहारी टेबलांसाठी सुरी वेगळी ठेवता येते. फेसाचे स्प्रे आणि ठिणग्या उडवणाऱ्या मेणबत्त्या डब्यात चालणार नाहीत. त्या स्प्रेमधला वायू पेट घेतो, आणि आमच्या भिंती लाकडाच्या आहेत. साध्या मेणबत्त्या आम्ही देतो. औक्षणाचं तबकही तयार असतं, आदल्या दिवशी सांगितलंत तर त्यात संत्रा बर्फी ठेवू.