स्टेट मशीनमधील जेनेरिक मेथड

व्हिडिओ गेममधील पात्राला एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत नेताना पुढची अवस्था क्रमांकाने किंवा नावाने न सांगता टाइप पॅरामीटर म्हणून सांगण्याची प्रोग्रामिंगमधील पद्धत. इथे प्रत्येक अवस्था हा एक स्वतंत्र टाइप (प्रकार) असतो, आणि असा टाइप बाहेरून घेणारी मेथड, म्हणजे कामाचा कोड, ती जेनेरिक मेथड. सी शार्प या प्रोग्रामिंग भाषेत, आणि त्यामुळे युनिटी इंजिनवर गेम बनवणाऱ्यांमध्ये, ती चांगली रुळली आहे.

मर्यादित अवस्थांच्या यंत्राची (स्टेट मशीन) दोन प्रमाण रूपे जॉर्ज मीली (१९५५) आणि एडवर्ड मूर (१९५६) यांनी मांडली. गेममधले सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे ‘पॅक-मॅन’ (१९८०) मधली भुते. ती पाठलाग करतात, आपापल्या कोपऱ्याकडे पांगतात, आणि पॅक-मॅनने मोठी गोळी खाल्ली की घाबरून निळी पडतात. घाबरण्याचा काळ पहिल्या पातळीवर ६ सेकंद असतो. पुढे तो एकंदरीत घटत जातो.

हाच खेळ आज सी शार्पमध्ये लिहायचा, तर ‘घाबरणे’ या अवस्थेला किती सेकंद हे प्रवेश करतानाच कळवावे लागते. खरी अडचण इथे आहे. सेकंद ‘ऑब्जेक्ट’ या कोणतीही गोष्ट सामावणाऱ्या टाइपने पाठवले तर त्या आकड्याचे बॉक्सिंग होते, म्हणजे हीपवर (मेमरीच्या एका भागात) त्याची प्रत बनते आणि नको असलेली मेमरी मोकळी करणाऱ्या गार्बेज कलेक्टरचे काम वाढते. शिवाय सेकंदांच्या जागी चुकून मजकूर गेला, तरी कंपायलर (कोड चालण्याआधी तपासणारा प्रोग्राम) हरकत घेत नाही. चूक गेम चालू असताना, खेळणाऱ्याच्या हातातच उघडी पडते. जेनेरिक मेथडला अवस्था आणि माहिती असे दोन टाइप पॅरामीटर देऊन ‘ही अवस्था याच टाइपची माहिती स्वीकारते’ अशी अट घातली, की चूक कंपायलरपाशीच अडते. या पद्धतीचे खरे मोल यातच आहे.

मात्र सी शार्पचा कंपायलर टाइप ओळखतो ते सगळे, नाहीतर एकही नाही. अवस्था आपण सांगावी आणि माहितीचा टाइप त्याने ताडावा, असे चालत नाही. दोन्ही लिहावे लागतात. अवस्थेचा तयार ऑब्जेक्टच मेथडला दिला, तर हा जाच टळतो.

प्रत्येक बदलाला नवा ऑब्जेक्ट बनवणे टाळावे. अवस्था एकदाच तयार करून टाइपनुसार डिक्शनरीत (खुणेवरून वस्तू शोधून देणाऱ्या साठ्यात) ठेवतात. पण मग एकाच टाइपच्या दोन अवस्था तीत मावत नाहीत. जावामध्ये (जेनेरिक्स २००४ पासून, सी शार्पमध्ये २००५) चालू प्रोग्रामला टाइप पॅरामीटर उरतच नाही, म्हणून टाइपची ओळख सांगणारा क्लास ऑब्जेक्ट वेगळा द्यावा लागतो.

जेनेरिकची हमी उंबरठ्यापुरतीच असते. आत गेल्यावर यंत्र चालू अवस्था सर्व अवस्थांच्या सामाईक मूळ टाइपनेच धरून ठेवते, म्हणून मिळालेली माहिती अवस्थेने प्रवेशातच स्वतःजवळ साठवायची असते. कोणत्या अवस्थेतून कोणत्या अवस्थेत जाणे वैध, हेही ही अट तपासत नाही. आणि अवस्थांची साखळी डिझायनर फाइलमध्ये लिहून देत असेल, तर कोडमध्ये आधीच लिहिलेला टाइप उपयोगी पडत नाही. तिथे नावेच सोयीची.