टायरची चकाकी आणि टायरचं आयुष्य

ट्रकच्या टायरवर चमक आणणारा स्प्रे मारला, तो काळाभोर चकाकला, की टायर जास्त टिकणार, असा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. तो खरा नाही. चकाकी वरवरचीच असते.

हवेतल्या ओझोन वायूपासून रबर वाचवणारी मेणं आणि रसायनं टायर बनतानाच त्यात मिसळलेली असतात. गाडी धावताना टायर दबतो, ताणला जातो, तशी ती हळूहळू वर येत राहतात. साइडवॉलवरचा, म्हणजे टायरच्या बाजूवरचा, तपकिरी थर बहुतेकदा त्यांचाच, आणि लोक मात्र त्याला मळ समजतात!

म्हणून स्प्रे निवडताना चमक नव्हे, लेबल बघा. पेट्रोलियम द्रावकाचा स्प्रे झगझगीत दिसतो, पण वारंवार वापरला तर रबराला घातक ठरू शकतो. पाण्यात मिसळलेल्या सिलिकॉनचा स्प्रे मंद चमक देतो आणि सौम्य असतो. सिलिकॉन म्हणजे टायरचा शत्रू, हेही खोटंच.

टायर आधी धुऊन पूर्ण वाळवा. स्प्रे स्पंजवर घ्या, जास्तीचा पुसा, नाहीतर चाक फिरताच बॉडीवर शिंतोडे उडतात. ट्रेडवर, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागावर, आणि ब्रेकवर एक थेंबही नको, पकड जाते. साइडवॉलला भेगा दिसल्या तर स्प्रे त्या फक्त झाकतो, त्यामुळे तो टायर आधी जाणकाराला दाखवा.