उपाशी बुरशीचं आम्ल

शीतपेयात आंबटपणासाठी घालतात ते सायट्रिक आम्ल लिंबातून येतं, असा बहुतेकांचा समज असतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तो बरोबरही होता. इटलीतली लिंबं हाच तेव्हा त्याचा मुख्य स्रोत. मग १९१७ मध्ये जेम्स करी या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की ॲस्परजिलस नायजर ही काळी बुरशी भरपूर साखरेच्या आम्लधर्मी द्रावणात वाढवली तर हेच आम्ल ढिगाने बाहेर टाकते. दोनच वर्षांत फायझरने कारखाना सुरू केला. आज जगात वर्षाला २० लाख टनांहून अधिक सायट्रिक आम्ल तयार होतं, ते जवळजवळ सगळं या बुरशीकडूनच.

बुरशीला यात काय मिळतं? खरं तर काहीच नाही. सायट्रेट हा पेशीच्या ऊर्जाचक्रातला मधला टप्पा. एरवी तो तयार होताच पुढे वापरला जातो. पण द्रावणात मँगनीज जवळपास नसेल, तर बुरशीची वाढ रोडावते. साखर मात्र आत येतच राहते. खपत नाही ते सायट्रेट साचतं आणि बाहेर पडतं. लिटरमागे काही मायक्रोग्रॅम मँगनीज जास्त झालं तरी उत्पादन घसरतं. म्हणजे इथे कौशल्य आहे ते खायला घालण्याइतकंच उपाशी ठेवण्याचं!

इतर जीव आपल्याच मालाबाबत इतके सोशिक नसतात. पहिल्या महायुद्धात रसायनशास्त्रज्ञ खाईम वाइझमन यांनी क्लॉस्ट्रिडियम जिवाणूंकडून स्टार्चपासून ॲसिटोन करून घेतलं. स्फोटकांसाठी ब्रिटनला ते हवं होतं. सोबत ब्युटेनॉलही मिळतं, पण ते दोन टक्क्यांच्या आसपास पोचलं की जिवाणूच आपल्या मालाने गुदमरतात. यीस्ट अल्कोहोल बरंच जास्त सोसतं, तरी साधारण पंधरा टक्क्यांपुढे तेही थकतं. उरलेलं सगळं पाणी. ते वेगळं करायला ऊर्ध्वपातन, त्याला उष्णता, आणि बराचसा खर्च तिथेच जातो. जैवइंधनाच्या बातम्यांत नेमकं हेच गाळलेलं असतं.

बायोगॅसला ही कटकट नाही. ऑक्सिजनविना जगणारे आर्किया हे जिवाणूंसारखे सूक्ष्मजीव मिथेन बनवतात आणि तो वायू आपणहून वर येतो. म्हणूनच बायोगॅस संयंत्र इतकं साधं असू शकतं.

क्लॉस्ट्रिडियमचाच एक भाऊबंद कार्बन मोनॉक्साइडवर जगतो. लान्झाटेक या कंपनीच्या तंत्रज्ञानाने २०१८ पासून चीनमधल्या एका पोलाद कारखान्याचे वायू त्याला खाऊ घालून इथेनॉल मिळवलं जातं. कच्चा माल धुराड्यातून जाणारा. ऊर्ध्वपातन मात्र इथेही चुकलेलं नाही.