असेंब्लीतला मेस्त्री आणि असेंब्लीचा सुपरवायझर

बेळगावच्या उद्यमबागेत किंवा मच्छे, होनगा भागातल्या एखाद्या कारखान्यात, जिथे हायड्रॉलिक प्रेस किंवा साखर कारखान्यांच्या अवजड गिअरबॉक्सची जुळणी चालते, तिथे नव्या माणसाने ‘सुपरवायझर कोण?’ असे विचारले तर त्याला बऱ्याचदा मेस्त्रींकडे पाठवले जाते. दोघेही एकाच पाळीला येतात, त्याच सात-आठ फिटर-हेल्परांना कामाला लावतात आणि दोघांच्या हाताला ग्रीस लागलेले असते. पण या दोन जबाबदाऱ्या वेगळ्या आहेत, आणि त्या एक समजल्या गेल्या की जुळणीत नेमकी कुठे फट पडते हे मी सतरा वर्षे, आधी मेस्त्री म्हणून आणि मग सुपरवायझर म्हणून, पाहत आलो आहे.

प्रेसच्या माथ्यावर सिलिंडर बसवून त्याच्या फ्लँजचे (जोडाच्या रुंद कडेचे) बोल्ट आवळण्याचे काम घेऊ. बोल्ट समोरासमोरचे, आलटून पालटून, दोन-तीन फेऱ्यांत आवळले जात आहेत ना, ठरवलेला जोर लागताच टॉर्क पाना ‘टक’ करतो तिथेच पोऱ्याचा हात थांबतो ना, आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर रंगाची रेघ ओढली गेली ना, हे मेस्त्रीने पाहायचे असते. ते तो जवळ उभा राहून, कित्येकदा पाना स्वतःच्या हातात घेऊन पाहतो. सुपरवायझरचे काम त्या पान्याच्या आधी सुरू होते. पान्याने लावलेल्या जोरापैकी साधारण निम्मा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात आणि सुमारे 40 टक्के आट्यांमधल्या घर्षणात जातो. बोल्ट ताणून जोड घट्ट धरायला जेमतेम 10 टक्के उरतो. म्हणूनच आट्यांना तेल लागलेले असले तर पान्यावरचा तोच आकडा बोल्टला कितीतरी जास्त ताणतो, आणि बोल्ट कायमचा लांबू शकतो. ड्रॉइंगवरचा आकडा कोरड्या आट्यांसाठी आहे की तेल लावलेल्या, खात्यात आलेले ड्रॉइंग शेवटच्या सुधारणेचे आहे की जुने, पान्याची तपासणी कधी झाली होती, हे प्रश्न सुपरवायझरचे आहेत. पान्याबाबत आयएसओ 6789 हे मानक सांगते की कारखान्याची स्वतःची पद्धत ठरलेली नसेल तर 12 महिन्यांनी किंवा 5,000 वेळा वापरल्यावर, यांपैकी जे आधी होईल तेव्हा, तो तपासून घ्यावा. मेस्त्रीचे काम अगदी बिनचूक झाले आणि हे प्रश्न कोणी विचारलेच नाहीत, तर सगळे बोल्ट अतिशय शिस्तीने चुकीचे आवळले जातात.

क्रेनखाली हा फरक अधिक गंभीर होतो. दोन पायांच्या स्लिंगने (क्रेनच्या हुकाला अडकवलेल्या दोरांनी) 2 टनांचा जॉब उचलताना पाय सरळ उभे असतील तर प्रत्येकावर 1 टन येतो. तेच पाय पसरून जमिनीशी 30 अंशांचा कोन झाला, तर प्रत्येकावर पुरे 2 टन येतात. शॅकलची (दोर अडकवायच्या कडीची) पिन पूर्ण बसली का, दोरीत पीळ नाही ना, हे मेस्त्री पाहतो. कोणती स्लिंग वापरायची, छताची उंची पुरत नसेल तर उचलायची पद्धत बदलायची की काम थांबवायचे, हा निर्णय सुपरवायझरचा असतो. क्रेन आणि उचलण्याची साधने वर्षातून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासून घेण्याचा नियम 1948 च्या कारखाने कायद्याने (2025 मध्ये त्याची जागा नव्या संहितेने घेतली) घातला होता. ती नोंद जागेवर आहे की नाही हेही त्यानेच पाहायचे असते.

आपल्या भागात याला भाषेचीही एक बाजू आहे. खानापूर, येळ्ळूरकडचा मराठी पोऱ्या आणि बैलहोंगलकडचा कन्नड क्रेन ऑपरेटर एकाच जॉबवर असतात. कन्नडमध्ये ‘मेले’ म्हणजे वर. नव्या मराठी पोऱ्याच्या कानाला तो शब्द भलताच लागतो आणि तो क्षणभर थबकतो. क्रेनखाली तो क्षणही परवडत नाही. म्हणून तर्जनी वर करून हाताने वर्तुळ काढले की उचला, तर्जनी खाली करून तसेच केले की सोडा, आणि खुणा एकाच माणसाने करायच्या, ही शिस्त सुपरवायझरने घालून द्यायची असते. ती रोज पाळली जाते की नाही हे मेस्त्री पाहतो.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. सुपरवायझर होऊन महिनाही झाला नव्हता. एका गिअरबॉक्सची बेअरिंग नीट बसत नव्हती, म्हणून मी स्वतः शिम (फट भरायची पातळ पत्री) लावत दीड तास वाकून बसलो. जुनी सवय होती. तेवढ्यात पाळी बदलली. शेजारच्या प्रेसचे सहा बोल्ट नुसते हाताने लावून ठेवलेले होते. पुढच्या पाळीच्या लोकांना ते आवळलेलेच वाटले, कारण काम हस्तांतरित करताना मी तिथे नव्हतो आणि वहीत काहीच लिहिलेले नव्हते. दाबाच्या चाचणीत फ्लँजमधून तेलाची चिळकांडी उडाली. कोणाला इजा झाली नाही. माझी शिम मात्र उत्तम बसली होती, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

कायद्याच्या नजरेतही हा फरक नुसता नावाचा नाही. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात देखरेखीचे काम करणारा आणि महिन्याला 10,000 रुपयांहून अधिक वेतन घेणारा माणूस ‘कामगार’ या व्याख्येबाहेर ठेवला गेला. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेत ही मर्यादा 18,000 रुपये आहे. मात्र न्यायालये हुद्द्याचे नाव न पाहता माणूस प्रामुख्याने कोणते काम करतो ते पाहत आली आहेत. तेव्हा दिवसभर पाना चालवणाऱ्या माणसाच्या पगारपत्रकावर ‘सुपरवायझर’ छापले, एवढ्याने त्याचे कामगार म्हणून असलेले हक्क संपत नाहीत.

आपल्याकडे खात्यातला सर्वांत कुशल मेस्त्रीच सुपरवायझर केला जातो, आणि मला ते योग्यच वाटते, कारण ज्याने स्वतः जोड बसवला नाही त्याला फिटरची अडचण कळत नाही. पण बढतीच्या दिवशी त्याच्या जागी दुसरा मेस्त्रीही नेमला गेला पाहिजे. ती जागा वर्षभर रिकामी ठेवली की तो दोन्ही कामे करतो. मग समोरचा जोड उत्तम होतो, आणि पाळी बदलताना वही लिहायला व अर्धवट राहिलेले बोल्ट दाखवायला जागेवर कोणीच नसते.