डीआरओ: एका दगडासाठी निवडलेली चंद्राभोवतीची उलटी कक्षा

आर्टेमिस-१ या २०२२ च्या माणसांविना चंद्रमोहिमेत नासाने ओरायन यान चंद्राच्या इतक्या लांबून का फिरवलं, अपोलोसारखं शंभरेक किलोमीटरवर का नाही नेलं, हा प्रश्न अजून अधूनमधून येतो. सरळ उत्तर म्हणजे तेवढं इंधनच नव्हतं, ओरायनचं सर्व्हिस मॉड्यूल, म्हणजे इंजिन आणि इंधन असलेला भाग, खालच्या कक्षेत शिरून परत बाहेर पडण्याइतकं दमदार नाही. पण मग डिस्टंट रेट्रोग्रेड ऑर्बिट (लांबची, उलट दिशेने फिरणारी कक्षा), म्हणजे डीआरओच का, याची गोष्ट जुनी आहे.

चंद्राच्या जवळ फिरणं वाटतं तितकं सोपं नाही. पृष्ठभागाखाली जागोजागी वस्तुमान जास्त दाटलेलं आहे, त्यामुळे गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखं नाही आणि जवळची कक्षा बिघडत जाते. अपोलो १६ ने एप्रिल १९७२ मध्ये सोडलेला छोटा उपग्रह तर ३५ दिवसांतच चंद्रावर आदळला. आणि लांब गेलं की पृथ्वी ओढायला लागते, चंद्र पृथ्वीभोवती ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने चंद्राभोवती फिरणारं यान एका मर्यादेपलीकडे टिकतच नाही.

उलट दिशेने फिरणारं मात्र टिकतं! चंद्र जागच्या जागी धरून त्याच्यासोबत फिरणाऱ्या चौकटीतून बघितलं तर यानावर कोरिओलिस बल लागतं, आणि यान उलटं फिरत असेल तर हे बल त्याला बाहेर नाही तर आत ढकलतं, म्हणून चंद्राची स्वतःची पकड जिथे जवळपास संपते तिथेही ते यान त्याच्या आसपासच राहतं. खरं तर पृथ्वीवरून पाहिलं तर ते पृथ्वीभोवतीच फिरत असतं, फक्त चंद्राला सोडून जात नाही. गुरूचे सर्वात बाहेरचे चंद्र बहुतेक उलटेच फिरतात, पासिफाई १९०८ मध्ये सापडला तेव्हापासून खगोलशास्त्रज्ञांना हे ठाऊक होतं.

गणिताची बाजू त्याहून जुनी. अमेरिकेच्या गणितज्ञ जॉर्ज हिलने १८७८ मध्ये चंद्राच्या गतीसाठी एकमेकांना ओढणाऱ्या तीन वस्तूंचा प्रश्न सोपा करून मांडला, मग कोपनहेगनला खगोलशास्त्रज्ञ स्ट्रोमग्रेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं हाताने आकडेमोड करून अशा कक्षांची कुटुंबं, म्हणजे एकसारख्या कक्षांचे गट, शोधली, त्यातल्या उलट्या कक्षांच्या कुटुंबाला 'एफ' हे अक्षर मिळालं. कॉम्प्युटर आल्यावर नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेत रॉजर ब्रूकने १९६८ मध्ये खास पृथ्वी-चंद्राची वस्तुमानं घेऊन कक्षा काढल्या, आणि पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या मिशेल हेनॉनने दाखवलं की हिलच्या मांडणीत हे एफ कुटुंब कितीही लांब गेलं तरी स्थिर राहतं. माझ्या मते या सगळ्यात खरा धक्का हाच. पण नील आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरला ते हे वर्ष, त्यामुळे याकडे कोण बघतंय!

मग कित्येक वर्षं हे सगळं पेपरांमध्येच राहिलं. २०१३ मध्ये नासाने लघुग्रह, किंवा निदान त्याच्यावरचा एक मोठा दगड, ओढून चंद्रापाशी आणायचा प्लॅन जाहीर केला. असा दगड ठेवायचा कुठे? जिथे इंधन न जाळता तो शंभरेक वर्षं गप पडून राहील आणि पृथ्वीवर येऊन पडणार नाही अशा जागी, म्हणजे डीआरओमध्ये. अंतराळवीर तिथे जाऊन त्याचे नमुने घेणार होते, म्हणून ओरायनची चंद्रापर्यंतची पहिली चाचणीसुद्धा तिकडेच वळवली गेली. २०१७ मध्ये दगडाचा प्लॅन रद्द झाला, चाचणीची कक्षा मात्र तीच राहिली.

२५ नोव्हेंबर २०२२ ला ८८ सेकंद इंजिन चालवून ओरायन डीआरओमध्ये शिरलं, २८ तारखेला पृथ्वीपासून ४,३२,२१० किमीवर पोचलं, आणि साधारण अर्धी फेरी मारून १ डिसेंबरला बाहेर पडलं.

तरी चंद्राभोवती ठेवायचं ठरलेल्या गेटवे या अंतराळ स्थानकासाठी नासाने दुसरीच कक्षा निवडली. डीआरओची अडचण तिच्या गुणातच आहे, जिथून काही सहज निसटत नाही तिथे सहज शिरताही येत नाही, शिवाय चंद्रावर उतरायला ती सोयीची नाही, ध्रुवावर तर नाहीच.

चीनने मात्र हा धागा सोडला नाही. मार्च २०२४ मध्ये डीआरओ-ए आणि डीआरओ-बी ही उपग्रहांची जोडी निघाली आणि रॉकेटच्या वरच्या टप्प्यानेच दगा दिला, उपग्रह भलत्याच कक्षेत, शिवाय स्वतःभोवती गरगर फिरतायत. टीमने आधी ते फिरणं थांबवलं, मग उरलेलं इंधन पुरवून पुरवून वापरत, लांबचे वळसे घेत १५ जुलैला जोडी डीआरओमध्ये नेली. पुढे दोघं वेगळे झाले, बी दुसऱ्या कक्षांमध्ये गेला आणि ए तिथेच राहिला.